नकाशाधारित ॲप्लिकेशन शिकण्यासाठी चार मुक्त साधने: क्यूजीआयएस, पोस्टजीआयएस, ओडीके आणि लीफलेट यांचे परीक्षण

ज्याला वेब ॲप्लिकेशन लिहिता येते, पण नकाशावर चालणारे ॲप्लिकेशन ज्याने अजून केलेले नाही, अशा डेव्हलपरने सुरुवात कोठून करावी, या प्रश्नाला मी चार साधनांची नावे सांगतो: क्यूजीआयएस (संगणकावरचे नकाशाचे सॉफ्टवेअर), पोस्टजीआयएस (नकाशाचा डेटा साठवणारा डेटाबेस), ओडीके (मोबाइलवर नोंदी घेण्याची प्रणाली) आणि लीफलेट (ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणारी लायब्ररी). चारही विनामूल्य मिळतात, चारही खुल्या परवान्याखाली आहेत, आणि ती एकत्र वापरली तर प्रत्यक्ष जागेवर घेतलेल्या नोंदीपासून ब्राउझरमध्ये दिसणाऱ्या नकाशापर्यंतचे सारे काम त्यांत बसते. रोजच्या वापरासाठी ती कशी आहेत यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे मी त्यांच्याकडे शिकण्याची साधने म्हणून पाहणार आहे. माझे मत आधीच नोंदवतो. बहुतेक जण लीफलेटपासून सुरुवात करतात, कारण अर्ध्या तासात पडद्यावर नकाशा उमटतो. मी ते सर्वांत शेवटी शिकण्याचा आग्रह धरतो, आणि या चौघांत खरे शिक्षण पोस्टजीआयएसकडून मिळते असे मानतो.

परीक्षण हवेत राहू नये म्हणून एक सराव प्रकल्प समोर ठेवू. तालुक्यातील गावोगावी जाऊन सार्वजनिक विहिरी आणि हातपंप यांची मोबाइलवर नोंद करायची. ती नोंद तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या शाखा अभियंत्याने तपासून मंजूर करायची किंवा त्रुटी दाखवून परत पाठवायची. आणि मंजूर झालेल्या नोंदी ग्रामस्थांना संकेतस्थळावरील नकाशात पाहता याव्यात. वेब, नकाशा आणि वर्कफ्लो (कामाच्या टप्प्यांची ठरलेली साखळी) ही तिन्ही अंगे यात आहेत, आणि एका माणसाला शिकता शिकता पुरे करता येईल इतकाच त्याचा आवाका आहे.

पहिले साधन क्यूजीआयएस. गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये त्याचे काम सुरू केले, १.० आवृत्ती २००९ मध्ये आली आणि २०१८ मधील ३.० आवृत्तीपासून त्याची अंतर्गत मांडणी आजच्या रूपात स्थिरावली. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. वर्षातून अनेक आवृत्त्या निघतात, त्यामुळे शिकणाऱ्याने दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्तीच घ्यावी, म्हणजे अभ्यासाच्या मध्यावर मेनू आणि प्लगइन बदलण्याचा त्रास होत नाही. डेव्हलपरला वाटते की आपल्याला कोड लिहायचा आहे, तर संगणकावरचे हे नकाशाचे सॉफ्टवेअर कशाला हवे. त्याचे कारण असे की कोड लिहिण्याआधी डेटा डोळ्यांनी पाहण्याची सवय लागावी लागते. आपल्या हाती आलेली गावांची सीमा खरोखर त्या गावाची आहे का, दोन सीमांमध्ये फट आहे की त्या एकमेकींवर चढल्या आहेत, विहिरीचा बिंदू ओढ्याच्या पात्रात पडला आहे का, हे प्रश्न प्रोग्राममधून विचारायला शिकण्यापूर्वी पडद्यावर दिसले पाहिजेत.

क्यूजीआयएसचा सर्वांत मोलाचा धडा म्हणजे प्रक्षेपण. पृथ्वीचा वक्र पृष्ठभाग सपाट कागदावर आणताना काहीतरी बिघडतेच, आणि काय बिघडू द्यायचे याची निवड आपल्याला करावी लागते. हे सॉफ्टवेअर ती निवड लपवत नाही. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात चालू प्रक्षेपणाचा ईपीएसजी क्रमांक, म्हणजे ते ओळखण्याचा ठरलेला संकेतांक, सतत दिसत राहतो. महाराष्ट्रातील डेव्हलपरला या विषयाचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंश रेखांशांचे ६० पट्टे पाडलेले आहेत. ७२ ते ७८ अंश पूर्व हा ४३ वा पट्टा आणि ७८ ते ८४ हा ४४ वा. मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती ही शहरे आणि सारा गोवा ४३ व्या पट्ट्यात येतो, तर वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली ४४ व्या पट्ट्यात. म्हणजे अमरावतीहून वर्ध्याला जाताना वाटेत पट्टा बदलतो आणि ईपीएसजी ३२६४३ ऐवजी ३२६४४ घ्यावा लागतो. संपूर्ण राज्यासाठी ॲप्लिकेशन करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर पूर्व विदर्भातील मोजमापे पुण्यातल्या मोजमापांइतकी नेमकी का येत नाहीत, याचा उलगडा त्याला कोडमध्ये कधीच सापडणार नाही.

याच धड्याचा दुसरा भाग वेब नकाशांशी थेट जोडलेला आहे. ब्राउझरमधील बहुतेक नकाशे वेब मर्केटर, म्हणजे ईपीएसजी ३८५७, या प्रक्षेपणात असतात. दिसायला ते सोयीचे आहे, परंतु विषुववृत्तापासून जसजसे दूर जावे तसतसे त्यात सारे फुगते. पुण्याच्या सुमारे साडेअठरा अंश अक्षांशावर लांबी साधारण साडेपाच टक्क्यांनी आणि क्षेत्रफळ सुमारे ११ टक्क्यांनी जास्त भरते. नागपुरात क्षेत्रफळातील हीच वाढ १५ टक्क्यांच्या आसपास जाते. सातबाऱ्यावर १ हेक्टर असलेले पुण्याजवळचे शेत या प्रक्षेपणात मोजले, तर ते १ हेक्टर ११ आर दिसेल. शेतकऱ्यासमोर असा आकडा ठेवणारे ॲप्लिकेशन कितीही देखणे असले तरी ते चुकीचे आहे. क्यूजीआयएसमध्ये एकच शेत दोन्ही प्रक्षेपणांत मोजून पाहिले की हे सूत्राशिवाय समजते, आणि एकदा समजले की विसरले जात नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलदर्शक नकाशे एव्हरेस्ट लंबगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या गणिती प्रतिरूपावर, आधारलेले आहेत. ते स्कॅन करून आजच्या उपग्रहचित्रावर ठेवताना हा फरक लक्षात घेतला नाही, तर वाड्या आणि ओढे जागेवरून सरकलेले दिसतात. तोही प्रयोग याच टप्प्यावर करून पाहावा.

मराठी नोंदी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे, ती म्हणजे फाइलचा प्रकार. शासकीय कार्यालयांतून डेटा अजूनही बहुधा शेपफाइलच्या रूपात मिळतो. त्या प्रकारात स्तंभाच्या नावाला केवळ १० बाइटची जागा असते, आणि युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ साठवणीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना-मात्रा धरून तीन चिन्हांत स्तंभाचे नाव बसवणे अशक्यच. मजकुराचा स्तंभही २५४ बाइटपर्यंतच जातो, म्हणजे ८४ चिन्हांनंतर शेरा मध्येच तुटतो. शिवाय सोबतची एन्कोडिंगची छोटी फाइल हरवली, तर गावांची नावे प्रश्नचिन्हांच्या ओळी होऊन येतात. क्यूजीआयएस नवी फाइल जिओपॅकेज या प्रकारात ठेवायला सुचवते, आणि त्यात या मर्यादा नाहीत. मिळालेली शेपफाइल पहिल्याच दिवशी जिओपॅकेजमध्ये वळवून घ्यावी.

क्यूजीआयएसमधील मॉडेल डिझायनरबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण वर्कफ्लो या कल्पनेशी पहिली ओळख तेथे होते. एकामागून एक करायच्या क्रिया चौकोनांत मांडून बाणांनी जोडायच्या, आणि तो आराखडा पुन्हा पुन्हा चालवायचा, अशी त्याची रचना आहे. प्रत्येक गावाच्या सीमेनुसार विहिरी वेगळ्या करणे, त्यांभोवती ठरावीक अंतराचे वर्तुळ काढणे आणि त्यात येणारी घरे मोजणे हे काम एकदा मांडले की दुसऱ्या गावासाठी फक्त इनपुट बदलायचे. डेव्हलपरच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची गोष्ट अशी की हा आराखडा पायथन स्क्रिप्ट म्हणून बाहेर काढता येतो. आपण चित्रात जे मांडले ते कोडमध्ये कसे दिसते, हे शेजारी ठेवून वाचता येते. मात्र तेथून पुढे पायक्यूजीआयएस, म्हणजे पायथनमधून क्यूजीआयएस चालवणारी लायब्ररी, शिकण्याची वाट चढाची आहे. त्याची संदर्भपुस्तिका सविस्तर असली तरी ती सीप्लसप्लसच्या कल्पना गृहीत धरून लिहिलेली वाटते, आणि केवळ पायथन जाणणाऱ्याला ती सुरुवातीला परकी वाटेल.

आता पोस्टजीआयएस. कॅनडातील व्हिक्टोरिया शहरातल्या रिफ्रॅक्शन्स रिसर्च या कंपनीने २००१ मध्ये ते प्रथम प्रसिद्ध केले. ते पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचे विस्तारक आहे: नेहमीच्या तक्त्यात अंक आणि मजकूर यांच्या बरोबरीने बिंदू, रेषा आणि बहुभुज साठवता येतात आणि त्यांच्यावर एसक्यूएलमध्ये प्रश्न विचारता येतात. याच्यासोबत मिळणारी प्रास्ताविक कार्यशाळा हे माझ्या मते या सबंध संचातील उत्तम शिक्षणसाहित्य आहे. न्यूयॉर्क शहरातील जनगणनेचे गट, वस्त्या, रस्ते आणि भुयारी रेल्वेची स्थानके असा खरा डेटा ती विद्यार्थ्याच्या हाती देते आणि ब्रॉड स्ट्रीट स्थानक कोणत्या वस्तीत येते अशा साध्या प्रश्नापासून सुरू करते. पुढच्या प्रत्येक प्रकरणात एकच नवी कल्पना येते, तिच्यावर सराव येतो, आणि उत्तर देण्याआधी प्रश्न नीट उलगडून सांगितलेला असतो. शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याच्या मनातील गोंधळ आधी ओळखून मग लिहिले आहे, हे पानोपानी जाणवते.

ही कार्यशाळा जे खोलवर शिकवते त्यातला पहिला मुद्दा अंतराचा आहे. अक्षांश-रेखांशांत साठवलेल्या दोन बिंदूंमधील अंतर पोस्टजीआयएसच्या एसटी_डिस्टन्स या फंक्शनला विचारले, तर उत्तर अंशांत येते. नवशिका ते उत्तर एखाद्या ठरावीक आकड्याने गुणून मीटर करू पाहतो. पण पुण्याच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम एक अंश सुमारे १०५.६ किलोमीटर भरतो, म्हणजे एकाच आकड्याने गुणणे मुळातच खोटे आहे. यावर दोन मार्ग आहेत. एक तर बिंदू एसटी_ट्रान्सफॉर्मने योग्य यूटीएम पट्ट्यात न्यायचे, नाही तर ते जिऑग्रफी या प्रकारात ठेवायचे, ज्यात अंतर पृथ्वीच्या वक्रतेसह थेट मीटरमध्ये मिळते. पहिला मार्ग वेगवान आहे, दुसरा ४३ आणि ४४ दोन्ही पट्ट्यांत पसरलेल्या आपल्या राज्यासाठी सुरक्षित आहे. कोणता कधी घ्यावा, याचा विचार करताना क्यूजीआयएसमध्ये शिकलेला प्रक्षेपणाचा धडा पक्का होतो. वेगवेगळ्या प्रक्षेपणांतले दोन आकार एकत्र करू गेल्यास पोस्टजीआयएस स्पष्ट त्रुटी देऊन थांबते, आणि ही कठोरता मला फार आवडते. चुकीचे उत्तर मुकाट्याने देणाऱ्या साधनापेक्षा ठामपणे नकार देणारे साधन विद्यार्थ्याचे जास्त भले करते.

दुसरा मुद्दा वेगाचा. सराव प्रकल्पात असा प्रश्न घ्या: ज्या शाळेपासून ५०० मीटरच्या आत एकही चालू हातपंप नाही, अशा शाळा कोणत्या? एसटी_डिस्टन्सने प्रत्येक शाळेचे प्रत्येक हातपंपापासूनचे अंतर काढून मग ५०० शी तुलना केली, तर तालुक्यापुरते ते खपून जाईल, पण राज्यभराच्या नोंदींवर क्वेरी रेंगाळेल. अमुक अंतराच्या आत आहे का एवढेच विचारणारे एसटी_डीविदिन वापरले आणि स्तंभावर जिस्ट हा आकारांसाठीचा इंडेक्स असला, तर डेटाबेस आधी आकारांभोवतीच्या चौकटी पाहून दूरचे सारे बिंदू वगळतो आणि उरलेल्या मोजक्यांचेच खरे अंतर मोजतो. क्वेरीचा आराखडा दाखवणारी एक्सप्लेन ही आज्ञा दोन्ही वेळा चालवून ताडून पाहावी. नकाशाच्या ॲप्लिकेशनमध्ये संथपणाचे खापर बहुधा ब्राउझरवर फुटते, आणि दोष पुष्कळदा येथे असतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. न्यूयॉर्कचा डेटा नीटनेटका आहे. आपल्याकडे मिळणाऱ्या गावसीमांत स्वतःलाच छेदणारे बहुभुज, दोनदा आलेली गावे आणि एकाच गावाच्या नावाची तीन शुद्धलेखने हे नेहमीचे. अवैध आकार दुरुस्त करण्याचे प्रकरण कार्यशाळेत आहे, परंतु भारतीय डेटासाठी ते शेवटून पुढे आणून दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीतच वाचावे असे मी सुचवेन. शिवाय अधिकार, भूमिका आणि नोंदींचा इतिहास यांविषयी ती जवळजवळ मौन आहे, कारण तो भाग मूळ पोस्टग्रेसक्यूएलचा. तो स्वतंत्रपणे शिकावा लागतो. नोंदीच्या स्थितीचा स्तंभ केवळ ठरलेली मूल्येच स्वीकारील असे बंधन घालणे, प्रत्येक बदलाची प्रत ट्रिगरने इतिहासाच्या तक्त्यात ठेवणे, आणि एका तालुक्याच्या अभियंत्याला दुसऱ्या तालुक्याच्या नोंदी दिसू नयेत म्हणून ओळींच्या पातळीवरची सुरक्षा वापरणे, या तिन्ही गोष्टी डेटाबेसमध्येच होतात. शेवटची सोय पोस्टग्रेसक्यूएलच्या ९.५ आवृत्तीपासून उपलब्ध आहे. हे नियम वेबच्या कोडमध्ये लिहिण्यापेक्षा डेटाबेसमध्ये लिहिलेले टिकतात, कारण उद्या दुसरे ॲप्लिकेशन त्याच तक्त्यांना जोडले गेले तरी नियम तेच राहतात.

तिसरे साधन ओडीके, म्हणजे क्षेत्रावर माहिती गोळा करण्याची प्रणाली. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ मध्ये तिची सुरुवात झाली. मोबाइलवरील कलेक्ट हे ॲप आणि सर्व्हरवरील सेंट्रल हे तिचे दोन मुख्य भाग. प्रश्नावली एक्सेलसारख्या तक्त्यात लिहायची असते. प्रत्येक प्रश्न एका ओळीत, आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळा स्तंभ. त्यामुळे मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी ठेवता येतो आणि नोंद करणारा आपल्या सोयीची भाषा निवडतो. अमुक उत्तर आले तरच पुढचा प्रश्न दाखवायचा, हातपंपाची खोली उणे असू द्यायची नाही, अशा अटी त्याच तक्त्यात लिहिता येतात. मोबाइलला रेंज नसलेल्या डोंगरी गावात भरलेली प्रश्नावली फोनमध्ये राहते आणि नेटवर्क मिळाल्यावर पुढे जाते. जीपीएसचा बिंदू घेताना अचूकता ५ मीटरपर्यंत येताच तो आपोआप स्वीकारला जातो, आणि ही मर्यादा प्रश्नावलीत बदलता येते. दाट झाडीत किंवा वाड्याच्या आत ५ मीटरची वाट पाहत बसण्यापेक्षा मर्यादा थोडी सैल करून अचूकतेचा आकडा नोंदीसोबत जपावा, असा माझा सल्ला आहे. तो आकडा तपासणाऱ्याला फार उपयोगी पडतो.

वर्कफ्लो शिकण्यासाठी सेंट्रलमधील तपासणीची सोय चांगली आहे. आलेली नोंद दाखल झाली, तिच्यात अडचण आढळली, ती दुरुस्त झाली, मंजूर झाली किंवा नाकारली गेली, अशा स्थिती तेथे तयार मिळतात आणि प्रत्येक बदलाबरोबर शेरा लिहिता येतो. सराव प्रकल्पातील शाखा अभियंत्याचे काम एवढ्यात भागते. पण आपल्या कार्यालयांत कागद एका टेबलावर थांबत नाही. ग्रामपंचायत अधिकारी, शाखा अभियंता, गटविकास अधिकारी अशी साखळी हवी असेल, तर सेंट्रलच्या स्थिती अपुऱ्या पडतात आणि ती साखळी आपल्याला स्वतः लिहावी लागते. कोणत्या स्थितीतून कोणत्या स्थितीत जाता येते, ते कोणी करायचे आणि परत पाठवताना नोंद कोणाकडे जाते, याचा तक्ता आधी कागदावर काढावा आणि मग तोच डेटाबेसमध्ये उतरवावा. या संचातून वर्कफ्लो शिकायचा तो येथे, आणि मला ही कमतरता शिकणाऱ्यासाठी लाभाची वाटते: तयार स्थिती वापरून कल्पना समजते, आणि त्या अपुऱ्या पडल्यावर ती स्वतः बांधावी लागते. सेंट्रल आतून पोस्टग्रेसक्यूएलच वापरते, तरी त्याच्या तक्त्यांना थेट हात न लावता त्याने दिलेल्या एपीआयमधूनच नोंदी घ्याव्यात.

या टप्प्यावर एक सापळा आहे. ओडीके बिंदू देते तो आधी अक्षांश, मग रेखांश. पोस्टजीआयएसचे एसटी_मेकपॉइंट आधी रेखांश मागते. वेबवर नकाशाचा डेटा पाठवण्याच्या जिओजेसन या प्रकाराचे आरएफसी ७९४६ हे प्रमाण २०१६ मध्ये आले, आणि तेही रेखांश आधी ठेवते. लीफलेट मात्र पुन्हा अक्षांश आधी मागते. एकच विहीर ओडीकेतून डेटाबेसमध्ये आणि तेथून ब्राउझरमध्ये जाईपर्यंत तिच्या सहनिर्देशकांचा क्रम दोनदा उलटतो. क्रम चुकला तर पुण्यातली विहीर नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडते. चार साधनांनी एकच क्रम पाळला असता तर बरे झाले असते. तसे होणे आता कठीण. म्हणून आलेला प्रत्येक बिंदू महाराष्ट्राच्या चौकटीत आहे की नाही, हे तपासणारे बंधन तक्त्यावर पहिल्यापासून घालावे.

शेवटी लीफलेट. कीव्हचे व्होलोदिमिर आगाफोन्किन यांनी २०११ मध्ये ते प्रसिद्ध केले आणि १.० आवृत्ती २०१६ मध्ये आली. संकुचित रूपात सुमारे ४२ किलोबाइट भरणारी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी साध्या फोनवर आणि मंद इंटरनेटवर सुद्धा लवकर उघडते, आणि आपल्या ग्रामीण वापरकर्त्यासाठी हा गुण निर्णायक आहे. तिची संदर्भपुस्तिका एका पानावर आहे, उदाहरणे छोटी आहेत, नावे अर्थपूर्ण आहेत. पोस्टजीआयएस शिकून आलेल्या माणसाला ती एका आठवड्याच्या आत अवगत होईल. मात्र सध्या एक अडचण आहे. २०२५ मध्ये २.० आवृत्तीचे प्राथमिक रूप आले असून त्यात नकाशा तयार करण्याची जुनी पद्धत बदलली आहे, आणि इंटरनेटवरचे बहुसंख्य धडे जुन्या पद्धतीचे आहेत. शिकताना १.९ ही स्थिर आवृत्ती धरावी आणि धडा कोणत्या आवृत्तीचा आहे हे आधी पाहावे. प्लगइन शेकडो आहेत, पण त्यांतील अनेकांना वर्षानुवर्षे कोणी हात लावलेला नाही. बिंदूंचे गट करून दाखवणारे प्लगइन आणि हजारो बिंदूंसाठी कॅनव्हासवर रेखाटण्याचा पर्याय, एवढे सराव प्रकल्पाला पुरते.

लीफलेटऐवजी मॅपलिबर ही दुसरी खुली नकाशा लायब्ररी घ्यावी का, असाही प्रश्न येतो. मॅपबॉक्स या कंपनीने आपल्या नकाशा लायब्ररीचा परवाना बदलल्यावर २०२० च्या डिसेंबरमध्ये जुन्या खुल्या कोडमधून मॅपलिबर निघाले. ते व्हेक्टर टाइल (आकारांच्या रूपात येणारे नकाशाचे चौकोनी तुकडे) रेखाटते, नकाशा फिरवता आणि तिरपा करता येतो, आणि मोठ्या डेटाला ते अधिक झेपते. तरीही मराठी नकाशासाठी मी अजून लीफलेटच सुचवतो. मॅपलिबर नकाशावरील अक्षरे स्वतः एकेक चिन्ह घेऊन मांडते आणि जोडाक्षरे, वेलांट्या यांची देवनागरीला लागणारी जुळणी त्याच्या मूळ पद्धतीत नीट होत नाही. गावाचे नाव मोडलेले दिसते. लीफलेटमध्ये पॉपअप आणि लेबल ब्राउझर स्वतः रेखाटतो, त्यामुळे 'त्र्यंबकेश्वर' हे नाव जसे लिहिले तसेच दिसते. आपल्या गावाचे नाव धड न वाचता येणारा नकाशा लोकांसमोर ठेवू नये, असे मला मनापासून वाटते.

पार्श्वभूमीच्या नकाशाबाबत दोन नियम शिकतानाच अंगी बाणवावेत. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा खुला असला तरी त्यांच्या सर्व्हरवरील टाइल मोठ्या वापरासाठी नाहीत, आणि श्रेयाची ओळ नकाशावर दिसलीच पाहिजे. सरावासाठी ते टाइल चालतील. प्रत्यक्ष सेवेसाठी टाइल पुरवणारी सेवा घ्यावी किंवा स्वतःच्या सर्व्हरवरून द्यावे. दुसरे, भारताची बाह्य सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे दाखवणे कायद्याने आवश्यक आहे आणि परदेशी टाइलमध्ये ती तशी असतेच असे नाही. संपूर्ण देश दिसेल इतका नकाशा लहान होऊ देणार असाल, तर विभागाने दिलेली सीमा वर काढा. तालुक्याच्या ॲप्लिकेशनमध्ये झूमची मर्यादा घातली तरी भागते.

या संचाची सर्वांत मोठी उणीव साधनांच्या आत नसून त्यांच्या सांध्यांवर आहे. प्रत्येकाची पुस्तिका स्वतःपुरती चांगली आहे, पण ओडीकेतील मंजूर नोंद पोस्टजीआयएसमध्ये कशी आणावी आणि तेथून लीफलेटला जिओजेसन कसे पुरवावे, हे कोणाच्याच पुस्तिकेत सलग सापडत नाही. हा मधला भाग डेव्हलपरने स्वतः लिहायचा असतो. पायथन येत असेल तर जँगो या वेब फ्रेमवर्कसोबत २००८ पासून मिळणारे जिओजँगो घ्यावे. त्यात पोस्टजीआयएसचे स्तंभ, लॉगिन आणि प्रशासनाचा पडदा एकत्र मिळतात. नोड वापरणाऱ्याने एसटी_ॲजजिओजेसनचे उत्तर देणारा छोटा एपीआय लिहावा. नकाशे पुरवणारा मोठा जिओसर्व्हर या टप्प्यावर बसवू नये. तो उत्तम आहे, पण त्याची मांडणी समजून घेण्यात जाणारा वेळ शिकण्याच्या मुख्य विषयापासून दूर नेतो.

पैशांचे म्हणाल तर सॉफ्टवेअरला खर्च नाही, सेंट्रल आणि डेटाबेस ठेवायला लहानसा भाड्याचा सर्व्हर लागतो, आणि सर्व काही शिकण्यापुरते ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर चालते. खरा खर्च देखभालीचा आहे: सुरक्षा अद्ययावत ठेवणे, रोज बॅकअप घेणे आणि तो बॅकअप परत चढवून पाहणे. ज्या कार्यालयात हे करायला माणूस नाही, तेथे एसरी या कंपनीच्या आर्कजीआयएससारखी सशुल्क प्रणाली घेणे शहाणपणाचे ठरू शकते; तिच्यात माऊसने ओढून ॲप्लिकेशन जुळवता येते आणि अडल्यास विचारायला कोणी असते. तेथे काम करणाऱ्या डेव्हलपरचेही या संचात शिकलेले वाया जात नाही. एसरीचे सर्व्हे१२३ ओडीकेसारखीच एक्सेलमधील प्रश्नावली वापरते, प्रक्षेपणांचे क्रमांक तेच राहतात, आणि तिच्या एंटरप्राइझ प्रणालीखाली पोस्टग्रेसक्यूएल ठेवता येते. उलट, केवळ माऊसने ॲप्लिकेशन जुळवायला शिकलेल्या माणसाला क्षेत्रफळ ११ टक्क्यांनी का फुगले हे शोधता येणे अवघड आहे.

भाषेची अडचण मात्र राहते. चौघांच्याही मूळ पुस्तिका इंग्रजीत आहेत, आणि डिप्लोमा करून आलेल्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थ्याला पोस्टजीआयएसची कार्यशाळा वाचताना विषय आणि भाषा या दोन्हींशी एकाच वेळी झगडावे लागते. दोघा-तिघांनी मिळून शिकावे, न्यूयॉर्कच्या जागी आपल्या तालुक्याच्या गावसीमा घालून तेच प्रश्न पुन्हा सोडवावेत आणि उत्तरे मराठीत लिहून ठेवावीत. विहिरींचा सराव प्रकल्प हाती घेणाऱ्यांनी सुरुवात पाच-सहा गावांच्या सीमा क्यूजीआयएसमध्ये उघडून त्या तपासण्यापासून करावी, आणि त्या निर्दोष झाल्याशिवाय वेब पानाचा एकही शब्द लिहू नये.